जनुकांचा वंशवृक्ष आणि भाषांचा वंशवृक्ष : प्रा. काव्हाल्ली-स्फोर्झा यांचे संशोधन

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने एका जीवशास्त्रज्ञाच्या संशोधनकार्याविषयी लिहावे, हे काहीसे आगंतुकपणाचे वाटण्याचा संभव आहे. तथापि प्रस्तुत लेखाला एक निमित्त घडले. गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने मराठीच्या पूर्वपीठिकेवर एक निबंध लिहून आणला. त्यात ध्वनिपरिवर्तनाची चर्चा दोन पाने आणि महाराष्ट्रातील निरनिराळ्या समाजांच्या जनुकांची टक्केवारी अकरा पाने, असा हिशेब होता. ‘रक्ताचा पुरावा हा शब्दांच्या पुराव्यापेक्षा अधिक भक्कम असतो ना?’ असे त्याने विचारले. या प्रश्नाला त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. ‘या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत’ एवढे आपण सारेच वर्गात सांगतो. पण त्या कोठे निराळ्या आहेत, कोठे एकमेकींस चिकटलेल्या आहेत आणि ज्यांनी त्या प्रथम शेजारी-शेजारी मांडल्या त्यांनी त्या कोणत्या आधारावर मांडल्या, हे आपण क्वचितच पाहतो. ज्या संशोधकाने हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले त्याचेच चरित्र या दृष्टीने वाचावे, असे त्यामुळे ठरविले.

लुईजी लूका काव्हाल्ली-स्फोर्झा यांचा जन्म इटलीतील जेनोआ येथे १९२२ साली झाला व २०१८ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, ते निधन पावले. त्यांचे आरंभीचे शोधनिबंध नुसत्या ‘काव्हाल्ली’ या आडनावाने प्रसिद्ध झालेले आहेत. ‘स्फोर्झा’ हा जोड पुढे आला. ज्याने नंतर आडनावांच्या प्रसाराचे गणित मांडले त्याचेच आडनाव असे मध्येच बदलले, हा योगायोग मौजेचा खरा. पण ग्रंथालयात जुने निबंध शोधणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा. शिक्षण वैद्यकाचे, पाव्हिया विद्यापीठात. पदवी १९४४ ची, म्हणजे ऐन युद्धकाळातील. परंतु आद्रियानो बुत्साती-त्राव्हेर्सो या गुरूच्या सहवासात त्यांना फळमाशीच्या आनुवंशिकीची गोडी लागली आणि वैद्यकीचा व्यवसाय मागे पडला. १९४८ साली स्टॉकहोम येथे आनुवंशिकीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे रोनाल्ड फिशर यांची गाठ पडली आणि फिशर यांनी त्यांना केंब्रिजला आपल्या विभागात जिवाणूंच्या आनुवंशिकीवर काम करण्यासाठी बोलावून घेतले. संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या या पुरुषाच्या छायेत घालविलेली दोन वर्षे काव्हाल्ली यांना जन्मभर पुरली.

केंब्रिजच्या काळातील एका शोधाकडे चरित्रलेखक बहुधा ‘आरंभीचे कार्य’ म्हणून धावते पाहतात. माझ्या मते आपणा भाषाभ्यासकांच्या दृष्टीने तोच भाग विशेष मननीय आहे. जिवाणू हे केवळ दुभंगून वाढतात, त्यांच्यात मीलन नाही, असा पूर्वी समज होता. जोशुआ लेडरबर्ग व एडवर्ड टॅटम यांनी १९४६ साली तो खोटा ठरविला. दोन जिवाणू एकमेकांस चिकटतात आणि एकाचे काही जनुक दुसऱ्यात जातात, असे त्यांनी दाखविले. मात्र ही घटना इतकी विरळ होती की तिचा अभ्यास करणे अतिशय कष्टाचे होते. काव्हाल्ली यांना एक असा वाण सापडला की ज्यात हे संक्रमण नेहमीच्या सुमारे हजारपट प्रमाणात घडून येत असे. १९५० साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्यानंतर जोशुआ व एस्थर लेडरबर्ग यांच्यासह त्यांनी १९५२ साली असे दाखवून दिले की, देण्याची क्षमता असलेला जिवाणू आणि घेणारा जिवाणू असे दोन प्रकार असतात आणि ही क्षमतादेखील संसर्गाने, साध्या स्पर्शाने, एकाकडून दुसऱ्याकडे जाते. म्हणजे येथे वारसा हा केवळ माता-पित्याकडून अपत्याकडे येत नाही. तो शेजाऱ्याकडूनही येतो. ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

इटलीत परतल्यावर त्यांनी पार्मा येथे अध्यापन सुरू केले आणि तेथे अभ्यासाचा विषय बदलला. जिवाणूंवरून ते माणसांकडे वळले. या वळणाच्या मुळाशी एक जुना वाद होता. एखाद्या जनुकाची दोन पर्यायी रूपे एका गावात अमुक प्रमाणात आणि शेजारच्या गावात तमुक प्रमाणात का आढळतात? निसर्गाच्या निवडीमुळे, की नुसत्या योगायोगामुळे? योगायोगाचा पक्ष अमेरिकेत सूअल राइट यांनी मांडला होता. फिशर यांना तो मुळीच मान्य नव्हता.

योगायोगाचा अर्थ येथे थोडा उलगडून सांगितला पाहिजे. प्रत्येक मनुष्याजवळ एका जनुकाच्या दोन प्रती असतात व त्यांपैकी कोणती एक अपत्याकडे जाईल हे नाणेफेकीप्रमाणे ठरते. समजा, एका गावात शंभर जोडपाजोगी माणसे आहेत व एका रूपाचे प्रमाण निम्मे आहे. पुढच्या पिढीत हे प्रमाण बरोबर निम्मेच राहील असे नाही. ते सरासरीने साडेतीन टक्क्यांच्या आसपास इकडे किंवा तिकडे सरकेल. माणसे दहा हजार असतील तर हेच सरकणे सुमारे एक-तृतीयांश टक्क्यावर येते. लहान गावात अशा झोकांड्या पिढ्यानपिढ्या साचत जातात आणि अखेरीस एखादे रूप सर्वस्वी नाहीसे होते किंवा सर्वत्र पसरते. त्यात त्या रूपाच्या गुणावगुणांचा काहीही संबंध नसतो. यास आनुवंशिक विचलन असे म्हणता येईल. कल्पना सोपी आहे. पण माणसांच्या बाबतीत ती सिद्ध कशी करावयाची? त्यासाठी गावाची लोकसंख्या, विवाह आणि स्थलांतर यांचा कित्येक शतकांचा तपशील हवा.

तो तपशील पार्मा नदीच्या खोऱ्यात उपलब्ध होता. सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक पॅरिशमध्ये विवाहांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला होता, आणि तेव्हापासूनच्या वह्या गावोगावच्या चर्चमध्ये पडून होत्या. काव्हाल्ली-स्फोर्झा यांच्या विद्यार्थ्यांत आन्तोनिओ मोरोनी नावाचे एक धर्मगुरू होते. या वह्यांचे मोल त्यांनी ओळखले, आणि धर्मगुरू असल्यामुळे त्यांना त्या उघडून पाहताही आल्या. खोऱ्याची रचनाही सोयीची होती. वर आपेनाइन पर्वतातील लहान, एकाकी गावे, मध्ये टेकड्या, खाली सपाटीवर मोठी, एकमेकांत मिसळलेली वस्ती. गावकऱ्यांचे रक्त घेऊन रक्तगट तपासले गेले. विचलनाचा सिद्धांत खरा असेल तर गावागावांतील फरक डोंगरात सर्वाधिक असावयास हवा आणि उतरत येता येता तो कमी होत जावयास हवा. प्रत्यक्षात तसेच आढळले. एवढ्यावर न थांबता त्यांनी पॅरिशच्या नोंदींतील विवाह व स्थलांतर यांचे आकडे संगणकास देऊन त्या गावांच्या काल्पनिक पिढ्या उभ्या केल्या. नुसत्या योगायोगाने जेवढा फरक पडावयास हवा तेवढाच प्रत्यक्षात पडलेला होता; निवडीला तेथे वेगळे काम उरले नाही. फिशर यांच्याच शिष्याने, त्यांनीच शिकविलेल्या संख्याशास्त्राने, त्यांच्या मताविरुद्धचा हा पुरावा उभा करावा, यात विद्यापीठीय परंपरेचा अपमान नसून गौरवच आहे असे मी समजतो.

या कामाचा विस्तार पुढे बरीच वर्षे चालला. नातेवाइकांत विवाह करावयाचा असल्यास कॅथलिक धर्मपीठाची विशेष अनुमती लागे. अशा लक्षावधी अनुमतिपत्रांवरून इटलीतील जवळच्या नात्यातील विवाहांचा अभ्यास झाला. मोरोनी व झेई यांच्यासह लिहिलेला त्यावरील ग्रंथ २००४ साली, म्हणजे कामाच्या आरंभानंतर अर्ध्या शतकाने निघाला. आडनाव हे पित्याकडून पुत्राकडे जाते, म्हणून ते एखाद्या पुरुषवाही जनुकासारखेच वागते, हे ओळखून दूरध्वनीच्या यादीसारख्या साध्या साधनातूनही वस्तीचा इतिहास वाचण्याची रीत या मंडळींनी रूढ केली. गावाचे नाव आणि ‘कर’ प्रत्यय यांनी सिद्ध होणारी आपली आडनावे या रीतीने कोणी मोजली आहेत काय, असा विचार येथे सहज मनात येतो. पण आपल्याकडे आडनावांची रूढी इतक्या सलगपणे जुनी नाही, आणि एकच आडनाव अनेक जातींत आढळते, तेव्हा ती जशीच्या तशी लागू पडणार नाही.

१९६२ च्या सुमारास पाव्हियास प्राध्यापक झाल्यावर त्यांनी अँथनी एडवर्ड्‌स या तरुण इंग्रज सहकाऱ्यासह एक वेगळाच प्रश्न हाती घेतला. जगातील जनसमूहांच्या रक्तगटांची प्रमाणे माहीत असतील, तर त्यांवरून त्या समूहांचा वंशवृक्ष मागे मागे जाऊन काढता येईल काय? १९६३ साली त्यांनी पाच रक्तगट-पद्धतींच्या आधारे पंधरा जनसमूहांचा पहिला वृक्ष मांडला. एकूण बदल कमीत कमी मानावा लागेल अशी शाखारचना निवडावयाची, हे त्यामागील एक तत्त्व होते. आपल्या वाचकांस हे तत्त्व नवे वाटणार नाही. हस्तलिखितांच्या पाठभेदांवरून त्यांची कुळी लावताना पाठचिकित्सक हेच करतो. परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांना ज्या अडचणीने छळले तीही आपणास माहीत आहे. लेखक दोन-दोन, तीन-तीन पोथ्या समोर ठेवून नक्कल करीत आणि पाठांची सरमिसळ करीत. अशा संकीर्ण पोथ्यांचा निर्भेळ वृक्ष निघत नाही. शाखा फुटताना दिसतात, पण पुन्हा एकत्र आलेल्या शाखा वृक्षाच्या आकृतीत दाखविण्याची सोयच नसते. मनुष्यसमूहही असेच परस्परांत मिसळतात. ही मर्यादा एडवर्ड्‌स व काव्हाल्ली-स्फोर्झा यांना ठाऊक होती; मात्र त्यांच्या आकृत्या ज्यांनी पुढे पाठ्यपुस्तकांत छापल्या त्यांच्या ती लक्षात राहिली असे म्हणवत नाही.

१९७० च्या सुमारास ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले व तेथेच निवृत्तीपर्यंत राहिले. वॉल्टर बॉडमर यांच्यासह लिहिलेला मानवी जनसमूहांच्या आनुवंशिकीवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९७१ सालचा. त्याच्या आधीच्या वर्षी या दोघांनी बुद्धिमत्ता व वंश या विषयावर एक लेख लिहिला. गौरवर्णीय व कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बुद्धिगुणांकातील फरक आनुवंशिक आहे, असा प्रचार स्टॅनफर्डमधीलच भौतिकीतज्ज्ञ विल्यम शॉकली तेव्हा करीत होते. उपलब्ध पुराव्यावरून तसा निष्कर्ष निघू शकत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन होते. या बाबतीत काव्हाल्ली-स्फोर्झा यांची भूमिका शेवटपर्यंत बदलली नाही. त्यांनी जमविलेल्या सामग्रीनेच तिला बळ दिले. २००२ साली जगातील ५२ जनसमूहांतील १,०५६ व्यक्तींच्या जनुकसामग्रीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की, एकूण विविधतेपैकी ९३ ते ९५ टक्के विविधता एकाच समूहातील व्यक्तींमध्ये असते. समूहासमूहांतील फरक उरलेल्या थोड्या टक्क्यांत सामावतो. वंशवृक्षाची आकृती पाहताना ही गोष्ट विसरली जाते, कारण वृक्ष रेखाटला जातो तो त्या थोड्या टक्क्यांवरूनच.

स्टॅनफर्डमध्ये असतानाच त्यांची दृष्टी पुरातत्त्वाकडे वळली. अल्बर्ट अ‍ॅमरमन यांच्यासह त्यांनी युरोपातील प्राचीन शेतीवस्त्यांची कालमापने नकाशावर मांडली, तेव्हा शेती पश्चिम आशियातून वायव्येकडे दर वर्षी सरासरी सुमारे एक किलोमीटर या गतीने सरकत गेल्याचे दिसले. हा प्रसार केवळ कल्पनेचा होता, की शेतकरी स्वतःच पिढी-दरपिढी पुढे सरकत होते? त्यांनी दुसरा पक्ष घेतला. १९७८ साली मेनोत्सी व पियात्सा यांच्यासह त्यांनी अनेक जनुकांच्या प्रमाणांचा एकत्र गोषवारा करून युरोपचे नकाशे काढले, आणि आग्नेयेकडून वायव्येकडे उतरत जाणारी एक छटा त्यांत उमटली. ती शेतकऱ्यांच्या स्थलांतराची खूण, असे त्यांचे म्हणणे. पुढे २००८ साली नोव्हेंब्र व स्टीफन्स यांनी दाखवून दिले की, अशा छटा त्या गणिती पद्धतीतूनच, कोणतेही मोठे स्थलांतर न होताही, उद्भवू शकतात. नकाशाचा पुरावा त्यामुळे लंगडा पडला. मजेची गोष्ट अशी की, निष्कर्ष मात्र वाचला. प्राचीन अस्थींतील जनुकद्रव्य थेट वाचता येऊ लागल्यावर युरोपातील आद्य शेतकरी खरोखरच आनातोलियाकडून आलेले होते असे सिद्ध झाले. परंतु २०१५ साली त्याच तंत्राने हेही दिसले की, त्यानंतर काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून आणखी एक मोठी लाट आली होती. कॉलिन रेन्फ्रू यांनी १९८७ साली इंडो-युरोपीय भाषांचा प्रसार शेतीशी जोडला होता. या दुसऱ्या लाटेने तो विचार पुष्कळसा मागे ढकलला.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८८ साली पियात्सा, मेनोत्सी व माउंटन यांच्यासह काव्हाल्ली-स्फोर्झा यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ४२ जनसमूहांचा, १२० पर्यायी जनुकरूपांवरून काढलेला वृक्ष एका बाजूस आणि भाषाकुलांची नावे दुसऱ्या बाजूस मांडलेली आहेत. दोहोंचा मेळ चांगला बसतो, असा लेखकांचा दावा होता. पूर्ण वंशावळ हाती आली तर भाषांचे वर्गीकरणही तिच्यावरून साधेल, हा विचार डार्विन यांनी १८५९ सालीच बोलून दाखविला होता. श्लायखर यांनी भाषांचे वृक्ष रेखाटण्यास तर त्याआधीच, १८५३ साली, आरंभ केला होता. तेव्हा स्वप्न जुने होते, आणि ते पुरे झाले असे अनेकांस वाटले. आमच्या विद्यार्थ्याच्या निबंधातील अकरा पाने या एका आकृतीची दूरची संतती होत.

भाषाशास्त्रज्ञांनी मात्र तत्काळ हरकती घेतल्या आणि त्यांतील बहुतेक रास्त आहेत. या निबंधातील भाषाकुले मेरिट रुहलेन यांच्या वर्गीकरणातून घेतलेली होती, आणि त्यामागे स्टॅनफर्डमधीलच जोसेफ ग्रीनबर्ग यांची पद्धती होती. अनेक भाषांतील शब्दांचे तक्ते शेजारी ठेवून सादृश्य पाहावयाचे. नियमित ध्वनिसंवाद सिद्ध करावयाची अट नाही. अमेरिकेतील बहुतेक मूलनिवासी भाषांचे ‘अमेरिंड’ हे एकच कुल ग्रीनबर्ग यांनी १९८७ साली याच रीतीने बांधले, आणि लायल कॅम्बेल यांनी लगेच दुसऱ्या वर्षी त्यावर अत्यंत कठोर टीका केली. आजही त्या प्रदेशाचे बहुसंख्य अभ्यासक ते कुल मानीत नाहीत. म्हणजे ज्या दोन वृक्षांचा मेळ बसला असे सांगितले गेले त्यांपैकी एकाच्या मोठ्या फांद्या मुळात सिद्ध झालेल्या नव्हत्या. शिवाय तौलनिक पद्धतीची दृष्टी फार तर आठ-दहा हजार वर्षांपर्यंत पोहोचते; जनुकांचा वृक्ष त्याच्या कितीतरी पलीकडचा आहे.

याहून सूक्ष्म, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, हरकत अशी की, वृक्षाची पानेच पुष्कळ ठिकाणी भाषेच्या नावाने ओळखलेली होती. बांटू, बर्बर, मोन-ख्मेर ही नावे मुळात भाषांची आहेत. रक्त कोणाचे घ्यावयाचे हे भाषेवरून ठरविले, आणि मग रक्त व भाषा यांचा संबंध आढळला, तर त्यात आश्चर्य ते काय? भारतासारख्या खंडप्राय देशास तर या वृक्षात एक-दोन पानेच वाट्याला आली.

असे असूनही हा निबंध टाकाऊ म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. काव्हाल्ली-स्फोर्झा यांनी अपवाद लपविले नाहीत. उलट त्यांवरच पुष्कळ विचार केला. इथिओपियातील लोक आफ्रो-आशियाई भाषा बोलतात, पण जनुकांनी आफ्रिकेतील समूहांच्या जवळचे आहेत. तिबेटी लोकांची भाषा चिनीच्या कुलातील, पण जनुके ईशान्य आशियाकडची. हंगेरीत मूठभर विजेत्यांनी भाषा दिली, रक्त फारसे दिले नाही. अशा विसंगती दोन मार्गांनी घडतात, असे त्यांनी म्हटले आहे. कधी लोक तेच राहतात आणि भाषा बदलते. कधी भाषा तीच राहते आणि शेजाऱ्यांच्या मिसळीने जनुके बदलत जातात. १९६६ पासून त्यांनी मध्य आफ्रिकेतील पिग्मी समूहांत कित्येक मोहिमा काढल्या होत्या. या लोकांची जनुके अतिशय वेगळी आहेत. भाषा मात्र सर्वत्र शेजारच्या शेतकऱ्यांच्या आहेत. भाषांतराचा हा पाठ त्यांनी अरण्यात प्रत्यक्ष पाहिलेला होता.

याच अनुभवातून त्यांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे पुस्तक निर्माण झाले. मार्कस फेल्डमन यांच्यासह १९८१ साली लिहिलेल्या या पुस्तकात संस्कृतीच्या संक्रमणाचे गणित आहे. माता-पित्यांकडून अपत्यांकडे जाणारे ते ऊर्ध्व संक्रमण. समवयस्कांकडून होणारे ते समतल. आणि मागच्या पिढीतील इतर वडीलधाऱ्यांकडून, गुरूकडून होणारे ते तिर्यक् संक्रमण. ऊर्ध्व संक्रमणात बदल सावकाश होतो आणि जनुकांशी सांगड टिकते. समतल संक्रमणात एखादी गोष्ट एका पिढीतच साथीसारखी पसरते. आका पिग्मींची कौशल्ये सुमारे ऐंशी टक्के माता-पित्यांकडूनच शिकली जातात, असे ह्यूलेट व त्यांनी १९८६ साली नोंदविले. भाषा या तिन्ही मार्गांनी जाते. मूल घरात बोलू लागते, अंगणात बोली बदलते आणि शाळेत तिला वळण लागते.

येथे केंब्रिजमधील जिवाणूंची आठवण ठेवावी. स्पर्शाने शेजाऱ्याकडे जाणारा वारसा ज्याने तारुण्यात पाहिला, त्यानेच उत्तरायुष्यात माणसांचा वृक्ष काढला. भाषांचे वर्तन मात्र वृक्षापेक्षा त्या जिवाणूंशी अधिक जुळते. आपल्या मराठीचेच पाहा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा श्रोत्यास वगळणारा व सामावून घेणारा भेद द्राविडी भाषांत आहे, संस्कृतात नाही. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे जे प्रतिपादन केले, ते अशाच शेजारधर्माच्या पुराव्यावर. योहान्नेस श्मिट यांनी श्लायखरच्या वृक्षाविरुद्ध १८७२ साली लाटांची उपमा पुढे केली, तिचाही रोख हाच होता.

शेवटची बाब अप्रिय आहे, पण वगळता येत नाही. १९९१ साली काव्हाल्ली-स्फोर्झा व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी असे आवाहन केले की, जगातील लहान, एकाकी जनसमूह नामशेष होण्यापूर्वी किंवा इतरांत मिसळून जाण्यापूर्वी त्यांचे जनुकनमुने जतन करावेत. हेतू विद्येचा होता. परंतु मूलनिवासींच्या संघटनांनी १९९३ पासून या योजनेस रक्तशोषकांची योजना म्हटले. आमच्या जगण्याकडे दुर्लक्ष करून आमचे रक्त तेवढे जतन करणार काय, आणि त्यावर मालकी कोणाची, हा त्यांचा सवाल होता. त्यातच १९९५ साली पापुआ न्यू गिनीतील हगाहाई समूहातील एका व्यक्तीच्या पेशींवर अमेरिकेच्या एका शासकीय संस्थेने स्वामित्वहक्क मिळविला. तिचा या योजनेशी संबंध नव्हता व पुढील वर्षी तो हक्क सोडूनही देण्यात आला. पण संशय खरा ठरल्यासारखे झाले. काव्हाल्ली-स्फोर्झा यांना हा विरोध अन्यायाचा वाटला. माझ्या मते त्यांना हा प्रश्न नीट कळला नाही. पार्मात गावच्या धर्मगुरूने शब्द टाकला आणि माणसांनी हात पुढे केला, कारण मोरोनी त्यांच्यातलेच होते. न्यू गिनीत किंवा अ‍ॅमेझॉनमध्ये असा मोरोनी कोण होता? आपणही बोलींची ध्वनिमुद्रणे करण्यासाठी वस्त्यावाड्यांवर जातो आणि मुद्रिते विभागाच्या कपाटात ठेवतो. ती पुन्हा कोणास ऐकविली जातात काय, हे विचारावयास हरकत नाही.

योजना पुढे आखडती झाली आणि २००२ साली पॅरिस येथे १,०६४ पेशीवाणांचा संग्रह संशोधकांस खुला झाला. भारतातून त्यात एकही नमुना नाही. पाकिस्तानातील आठ समूह मात्र आहेत आणि त्यांत ब्राहुई आहेत. ब्राहुई भाषा द्राविडी. पण जनुकांच्या दृष्टीने तिचे भाषक आणि शेजारचे बलुच यांच्यात फरक जवळजवळ दाखविता येत नाही. नुसते रक्त पाहून कोणी त्यांची भाषा सांगू म्हटले तर तो हमखास चुकेल.

महाराष्ट्रातील पुरावा याची दुसरी बाजू दाखवितो. डेक्कन कॉलेजच्या डॉ. इरावती कर्वे व मल्होत्रा यांनी १९६८ साली एकाच दर्जाच्या व एकच भाषा बोलणाऱ्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. भाषा एक, वर्ण एक. तरीही गट निरनिराळे. जाती म्हणजे एका मूळ समूहाचे तुकडे नव्हेत, या कर्वे यांच्या मतास त्यातून आधार मिळाला. म्हणजे ‘मराठी भाषकांची जनुके’ असे एकवचनी काही मोजावयास जाणे हेच मुळात चुकीचे आहे.

२०१९ साली राखीगढी येथील सांगाड्याच्या जनुकांवरील निबंध डेक्कन कॉलेजचे प्रा. वसंत शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्या स्त्रीच्या ठायी गवताळ प्रदेशातील लोकांचा अंश आढळला नाही. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासानुसार तो अंश दक्षिण आशियात इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात आला. या दोन निबंधांवर वृत्तपत्रांतून जो कोलाहल झाला त्यात प्रत्येक पक्षाने त्या सांगाड्याच्या तोंडी आपापली भाषा घातली. लोक कोठून आले व कधी मिसळले, हे जनुके सांगू शकतात, आणि लोकांबरोबर भाषा आली असण्याचा संभव त्यावरून तोलता येतो. परंतु ती कोणती भाषा, हे ठरविण्यास ध्वनिसंवाद, उसने शब्द, स्थलनामे आणि वाचता येणारे लेख हीच साधने आहेत. आणि सिंधू संस्कृतीची लिपी अद्याप सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही.

आमच्या विद्यार्थ्यास मी त्याची अकरा पाने परत दिली, पण फाडावयास सांगितली नाहीत. त्यांतील प्रत्येक टक्केवारीसमोर तीन रकाने काढून आणावे, असे सुचविले: नमुने कोणत्या गावचे, कोणत्या समाजाचे, आणि त्या माणसांच्या आजी-आजोबांची घरची बोली कोणती. पहिले दोन रकाने त्याने पंधरवड्यात भरले. तिसऱ्यासाठी मूळ शोधनिबंधांत बहुतेक ठिकाणी ‘इंडो-युरोपीय’ एवढाच एक शब्द त्यास मिळाला आहे. काहींत तोही नाही.